थांबामीमांसा

अर्थात, लांबच्या प्रवासात गाडी कुठे थांबवावी आणि रानात कशासाठी शिरावं, याचा साधकबाधक विचार

१. प्रयोजन

प्रत्येक शास्त्र भांडणातून जन्माला येतं. प्रस्तुत शास्त्र पुणे-सोलापूर रस्त्यावर, यवतच्या अलीकडे, सकाळी सव्वासात वाजता जन्माला आलं. गाडीत पाच माणसं होती: मी, बायको, आई, नववीतली मुलगी आणि चाकामागे मेहुणा. पल्ला पुणे ते ताडोबा. दिवस नाताळच्या सुट्टीचे. वाटेतलं रान, पाणी, पाखरू यांपैकी काय पाहायचं, हा विषय घरच्या व्हॉट्सॲप गटावर महिनाभर चर्चेला होता. त्यावर आईने रोज सकाळी हात जोडले होते, मेहुण्याने अंगठा दाखवला होता, आणि तरीही ऐन हायवेवर प्रश्न जसाच्या तसा शिल्लक होता.

"जिजू, कुठे थांबायचं ते एकदाच सांगा," मेहुणा म्हणाला, "म्हणजे मी लेन धरतो."

आपल्याकडे निघण्याचं शास्त्र चांगलं पिकलेलं आहे. पंचांगात प्रयाणाचे मुहूर्त आहेत, दिशाशूल आहे, निघताना हातावर दही आहे. पोचल्यावर फोन करण्याचंही शास्त्र आहे. पण निघणं आणि पोचणं यांच्यामध्ये जे पावणेआठशे-आठशे किलोमीटर असतात, त्यांत कुठे उतरावं, याबद्दल पूर्वसूरी गप्प आहेत. परिणामी हा निर्णय गाडीतल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या किंवा सर्वांत लहान मूत्राशयाच्या माणसाच्या हाती जातो. ही पोकळी भरून काढण्यासाठी मी एक दोनशे पानी वही आणि एक घड्याळ बरोबर घेतलं. त्या वहीचं पुढे काय झालं, ते यथास्थळी येईल.

२. व्याख्या

"थांबा": चाकं थांबणं म्हणजे थांबा नव्हे. टोलनाक्यावर चाकं थांबतातच. गाडीतली निम्म्याहून अधिक माणसं चपला घालून खाली उतरली, तरच तो थांबा.

"निसर्गासाठी थांबणं": या शब्दप्रयोगाने मराठी कुटुंबांत फार अनर्थ घडवले आहेत. प्रस्तुत ग्रंथात त्याचा अर्थ पशू, पक्षी, पाणी आणि वनस्पती यांच्या दर्शनासाठी थांबणं एवढाच. बाभळीमागे जाऊन दोन मिनिटांत परत येणं हा विषय स्वतंत्र आणि अधिक तातडीचा आहे.

"वाकडी वाट": मुख्य रस्ता सोडून आत जावं लागणारं अंतर, जाऊन-येऊन. इथे एक सावधगिरी. "आत चार किलोमीटर" हे अंतर नसून आश्वासन आहे. पानटपरीवर विचारलं तर ते चार असतं, पुढच्या पारावर सहा होतं, आणि तिसऱ्या माणसापाशी पोचेपर्यंत आपण ते मागे टाकून आलेलो असतो.

"संस्मरणीय": दहा वर्षांनी, कुणी न विचारता, दुसऱ्याच विषयावर बोलणं चालू असताना मध्येच तोंडातून निघतं ते. मोबाईलमधले चारशे फोटो या व्याख्येत बसत नाहीत. ती मुदत ठेव आहे, आणि मुदत संपली तरी ती मोडायला कुणी जात नाही.

३. पूर्वपक्ष

आमच्या गाडीत चार मतं होती. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गाडीत ती सापडतील, म्हणून त्यांची नीट मांडणी करतो.

पहिले यादीवादी. प्रतिनिधी: मुलगी. "आयुष्यात एकदा तरी पाहावीत अशी पंचवीस ठिकाणं" तिच्याकडे तयार होती. या मताचा दोष असा की यादीला ऋतू नसतो. यादीत कासचं पठार, भंडारदऱ्याचे काजवे आणि भिगवणचे रोहित पक्षी एकाखाली एक शहाण्यासारखे बसलेले असतात. प्रत्यक्षात कासची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरातली. मे महिन्यात तिथे जाणाऱ्याला जांभा दगड पाहायला मिळतो, आणि तोही भरपूर. काजवे पावसाच्या तोंडावरचे दोन-तीन आठवडेच मैफल भरवतात. रोहित पाणी ओसरण्याची वाट पाहतात. यादी करणारा मात्र बाराही महिने उत्साहात असतो.

दुसरे "आलोच-आहोत-तर"वादी. प्रतिनिधी: आई. "लोणारपर्यंत आलोच आहोत, तर शेगाव काय लांब?" लोणार ते शेगाव शंभराहून जास्त किलोमीटर आहे. पण या मतात अंतर भूगोलावर नसून पुण्यावर मोजलं जातं, त्यामुळे नकाशा दाखवून उपयोग होत नाही. या पद्धतीने विचार केला तर पुण्याहून निघालेल्या माणसाला सगळंच वाटेत लागतं. काशीसुद्धा.

तिसरे स्वच्छतागृहवादी. प्रतिनिधी: बायको. "तिथे बाथरूम बरं आहे का?" एवढा एकच प्रश्न हा पक्ष विचारतो. याचं खंडन करण्याचं धैर्य आजवर एकाही शास्त्रकाराला झालेलं नाही, मलाही झालं नाही. रान सुरू होण्याआधीचं शेवटचं बरं स्वच्छतागृह कुठे आहे, हे ज्या दिवशी नकाशावर छापलं जाईल, त्या दिवशी निसर्गप्रेमींची संख्या दुप्पट होईल.

चौथे पोचूयावादी. प्रतिनिधी: मेहुणा. "अंधाराच्या आत पोचू" हा यांचा एकमेव मंत्र. हे वाटेतल्या प्रत्येक गोष्टीकडे अडथळा म्हणून पाहतात, मग ती म्हैस असो की माळढोक. आणि अंधाराच्या आत पोचल्यावर काय करायचं, याचं उत्तर त्यांच्यापाशी नसतं. मुक्कामी जाऊन ते टीव्हीचा रिमोट शोधतात.

चारही मतं ऐकून मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: "चौघांचाही मूळ दोष एकच. सगळे 'काय दिसेल' हे विचारतात." आणि हायवेवर नजर ठेवून मनात माझा सिद्धान्त घोळवू लागलो.

४. सिद्धान्त

हा सिद्धान्त मला काही वर्षांपूर्वी वेळासला सुचला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव ऑलिव्ह रिडले कासवांसाठी प्रसिद्ध आहे. २००२ सालापासून गावकऱ्यांच्या हातांनी तिथे कासवांची अंडी राखली जातात. किनाऱ्यावरून अंडी काळजीपूर्वक उचलून कुंपणातल्या वाळूत खड्डे करून पुरतात, प्रत्येक खड्ड्यावर बांबूची टोपली पालथी घालतात, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येऊ लागली की सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून पाहतात. निघालेली पिल्लं समुद्राकडे सोडतात.

आम्ही गेलो त्या सकाळी शंभरेक माणसं दोरीपलीकडे चिकटून उभी होती. मोबाईल वर झाले. पहिली टोपली उचलली. वाळू. दुसरी उचलली. वाळू. सगळ्या टोपल्या झाल्या, आणि शंभर तोंडांतून एकाच सुरात "अरेरे" निघालं. गर्दी पोह्यांकडे वळली. मी कुंपणापाशी रेंगाळलो, कारण पोह्यांना रांग होती. तिथल्या मुलाने मला शेवटच्या टोपलीखालची वाळू दाखवली. मधोमध, ताटलीएवढा, बोटभर खोल खळगा पडला होता. "खाली हालचाल झाली की वाळू बसते," तो म्हणाला. "उद्या येतील." म्हणजे माझ्या पायांपासून दोन हातांवर, वाळूच्या आत, शेकडाभर जीव एकमेकांच्या पाठीवर पाय देत वर चढत होते, आणि मला दिसत होता तो फक्त त्यांच्या घाईचा खळगा.

दुसऱ्या दिवशी पिल्लं निघाली असतीलही. आम्ही तोवर परतलो होतो. पण आजही वेळास म्हटलं की मला तो खळगा दिसतो. यावरून सूत्र निघालं:

कुठल्याही सहलीतून ठरवलेलं जनावर वजा करावं. जे उरेल, ते त्या सहलीचं मूल्य. त्याला वाकड्या वाटेने भागावं.

याला मी "शेषसिद्धान्त" म्हणतो. निघण्यापूर्वी प्रत्येक थांब्याला हा एकच प्रश्न विचारायचा: ते आलंच नाही, तर काय? उत्तर जर "काहीच नाही, मग परत फिरायचं" असं आलं, तर तिथे जाऊ नये. त्यापेक्षा प्राणिसंग्रहालय बरं, तिथे जनावराला हजेरी सक्तीची असते. सिद्धान्त कागदावर निर्दोष होता. आता प्रयोग.

५. प्रयोग पहिला: भिगवण

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याच्या पाण्याने शंभर किलोमीटरवरच्या पुण्याच्या पक्षिनिरीक्षकांना एक रविवार मिळवून दिला. धरणाच्या फुगवट्याचं पाणी भिगवणच्या आसपास उथळ पसरतं. पाणी उतरू लागलं की चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलासाठी रोहित पक्षी येतात. लोक त्यांना फ्लेमिंगो म्हणतात, भिगवणचे हॉटेलवालेही.

होडीत बसण्यापूर्वीच नावाड्याने स्पष्ट सांगितलं: "औंदा पाऊस लई झाला. पानी अजून उतरलं न्हाई. रोहित महिन्याभरानं." मुलीने यादीतल्या नावापुढे फुली मारली. मी आनंदाने वही उघडली. शेष मोजायला यापेक्षा शुद्ध प्रसंग कुठला?

शेष असा निघाला. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब, हिमालय ओलांडून आलेले आणि आता इथल्या काठावर गाईंबरोबर चरत असलेले. इतक्या लांबून येऊन त्यांच्यापैकी एकानेही "आलोच आहोत तर" म्हटल्याचं दिसत नव्हतं. एका वाळलेल्या खोडावर पंख पसरून वाळत घातलेला पाणकावळा. नदीसुरयांची पाण्याला टेकून वर उडण्याची उठाठेव. आणि मग नावाड्याने वल्हं थांबवलं. मला वाटलं काहीतरी दिसलं. त्याने बोट खाली, पाण्याकडे केलं.

"हितं खाली आमच्या आज्याचं रान हाय. ज्वारी व्हायची. उन्हाळ्यात पानी लईच गेलं तर बांध दिसतो."

आम्ही पाचही जण वाकून पाण्यात पाहू लागलो. गढूळ हिरव्या पाण्यात काहीही दिसत नव्हतं, आणि तरी कुणी मान वर करेना. आईने विचारलं, "विहीर होती?" तो म्हणाला, "व्हती की. त्या तिकडं." त्याने वल्ह्याने जागा दाखवली. तिथे नेमका एक नदीसुरय घिरट्या घालत होता. आज्याच्या ज्वारीवर पाणी आलं, पाण्यात मासा आला, माशामागे पक्षी आला, पक्ष्यामागे आम्ही, आणि आमच्यामागे नातवाचा नावेचा धंदा. इतकी लांब साखळी मी एका फेरीत क्वचित पाहिली आहे.

परतल्यावर काठावरच्या खानावळीत तळलेली चिलापी खाल्ली. वाकडी वाट नगण्य. मी निकाल लिहिला: "रोहित शून्य. शेष भरघोस." मेहुणा म्हणाला, "मासा धरलात ना शेषात?" धरला होता.

६. प्रयोग दुसरा: क्षेत्रफळाची फसवणूक

सामान्य प्रवाशाचा समज असा की अभयारण्य जितकं मोठं, तितकं जनावर जास्त. याचा निकाल एकाच परिसरात लागतो. सोलापूर-नगर पट्ट्यात १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, बाजारपेठा, साखर कारखाने, सगळं आलं. म्हणजे हजारो माणसं झोपेतून उठून आपापल्या घरात दात घासत असताना कायद्याने अभयारण्यात होती. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. क्षेत्र कमी झालं, आणि माळढोक त्याहून वेगाने कमी झाला. आता तो तिथे दिसणं ही बातमी होते.

त्याच टापूत, कर्जतजवळ, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० साली झालं. क्षेत्रफळ फक्त २.१७ चौरस किलोमीटर. पुण्यातल्या काही गृहसंकुलांच्या जाहिरातींत याहून मोठी हिरवळ दाखवतात. आम्ही भिगवणहून राशीनमार्गे तिथे उतरलो आणि पंधरा मिनिटांत काळवीट समोर. नराची पाठ काळी कुळकुळीत, पोट चुन्यासारखं पांढरं, शिंगांना पीळ. तो पिवळ्या गवतात मान ताठ करून उभा राहिला, जणू त्याचा फोटो काढून झाल्याशिवाय त्याला पुढे जायची परवानगी नव्हती.

मुलीने यादीत काळवीट नव्हतं तरी ते लिहून घेतलं. माझ्या सिद्धान्ताची मात्र इथे पंचाईत झाली. जनावर आलं, आता वजा काय करायचं? मी काळवीट हाताने झाकून उरलेलं पाहण्याचा प्रयत्न केला. गवत, हिवर, बोर, कुठेतरी उंच चढत जाणारा चंडोलाचा आवाज. "अहो, हात काढा समोरून," बायको म्हणाली, "आम्हाला दिसत नाहीये."

७. प्रयोग तिसरा: लोणार, अर्थात न पळणारं जनावर

शेषसिद्धान्ताच्या दृष्टीने लोणार हा आदर्श थांबा. तिथे मुख्य आकर्षण हलत नाही. बुलडाणा जिल्ह्यातलं हे विवर बसाल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेलं. जगात असं क्वचित सापडतं. व्यास साधारण १.८ किलोमीटर. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तेव्हा खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला कारणीभूत निघाले. म्हणजे लोणारलाही जाऊन कुणी "गुलाबी दिसलं नाही" असं म्हणत परतू शकतो. निराश व्हायचंच ठरवलं तर माणसाला विवरही अपुरं पडतं.

विवराच्या वयाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. एका पद्धतीने मोजलं तर वय ५२,००० वर्षं येतं, दुसऱ्या पद्धतीने ५,७०,०००. मुलीला हा फरक धक्कादायक वाटला. आईला अजिबात नाही. आईच्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झालेला आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटे. "दाखला नसला की असंच होतं," ती म्हणाली.

तिचा गुडघा खाली उतरू देईना, म्हणून आम्ही काठावरच बसलो. खाली हिरवट पाणी, त्याभोवती झाडीचं गोल कडं, कुठूनतरी मोराची हाक, आणि ती हाक विवराच्या भिंतींना लागून पुन्हा आपल्याकडे. वाटाड्या एकेक जागा बोटाने दाखवत होता. कमळजा देवीचं देऊळ. त्याच्याजवळ सासू-सुनेची विहीर: एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं, अशी तिची ख्याती.

आई आणि बायको शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींनीही ऐकलं. दोघींनीही दुर्बीण मागून घेऊन विहिरीची जागा पाहिली. कुठलं पाणी सासूचं आणि कुठलं सुनेचं, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही. मेहुणा विचारणार होता. मी त्याचा पाय दाबला. ते मौन मी वहीत वेळेसह नोंदवलं आहे: चार मिनिटं. त्यानंतर आईने पिशवीतून दशम्या काढल्या आणि पहिली सुनेला दिली. विवरातून उल्का वजा केली तरी एवढं उरतं.

८. अपवाद: न थांबण्याचा रस्ता

मेहकरहून आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो आणि पोचूयावादाला सुवर्णकाळ आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी या रस्त्याचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंतचे सगळे ७०१ किलोमीटर. वेगमर्यादा १२०. मधेच वाटेल तिथे गाडी उभी करायची सोय नाही, आणि करूही नये. वाशीम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य या रस्त्यापासून फार दूर नाही. मी ते सांगून पूर्ण करेपर्यंत ते मागे गेलं होतं.

गंमत अशी की या रस्त्यावर जनावरांसाठी वरून आणि खालून ओलांडायच्या वाटा बांधलेल्या आहेत. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खालीही अशा नऊ वाटा आहेत आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघही आरामात चालताना टिपले गेले आहेत. रस्ता कुठे ओलांडायचा, हे त्यांनी यादी न करता, व्हॉट्सॲप गटावर न भांडता ठरवलं. या प्रकरणातलं एवढंच आमच्या उपयोगाचं.

९. प्रयोग चौथा: ताडोबा

ताडोबा हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. व्याघ्रप्रकल्पाचा गाभा आणि बफर मिळून १,७२७ चौरस किलोमीटर. पण पुणेकराला तिथे पाऊल ठेवताच घरच्यासारखं वाटतं ते वेगळ्या कारणाने. सकाळची एक पाळी, दुपारची एक पाळी, मधल्या वेळेत बंद. मंगळवारी साप्ताहिक सुट्टी. पावसाळ्यात गाभा बंद. आगाऊ नोंदणीशिवाय येऊ नये. मोबाईल आत आणू नये. गोंगाट करू नये. आणि इतकं सगळं पाळून गेल्यावर माल असेलच याची खात्री नाही. हा वाघ मूळचा सदाशिव पेठेतला असावा, असं माझं अनुमान आहे.

मोहर्लीच्या गेटवर पहाटेच्या काळोखात आम्ही जिप्सीत बसलो. अंगावर गोधड्या. मेहुणा आणि मुलगी पुढच्या बाकावर, आई मध्ये, मी आणि बायको सर्वांत मागे. गाइड चंद्रपूरकडचा, मृदू बोलणारा. "शांत बसा जी. वाघ आपल्याला आधीच पाहून राहिला असते."

पहिला तास माझ्या सिद्धान्ताचाच होता. दवाने भिजलेला साग. भुताचं झाड, पांढऱ्या सालीचं, पहाटेच्या धुक्यात खरोखर कुणी उभं असल्यासारखं. वाळलेल्या फांदीवर छाती फुगवून उन्हाची वाट पाहणारा सर्पगरुड. मी शेषामागून शेष लिहीत होतो. मग एका वळणावर वानर खकरलं. गाइडने हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. लांब चितळ ओरडलं, मग पुन्हा. "कॉल चालू हाय," गाइड कुजबुजला. "बांबूतच हाय जी."

आणि आम्ही वाट पाहू लागलो. ज्याने रानात असं थांबून पाहिलं आहे त्याला माहीत असेल: इंजिन बंद पडल्यावरची पहिली पाच मिनिटं काहीच ऐकू येत नाही. मग एकेक आवाज वर येतो. दवाचे थेंब सागाच्या पानावर पडतात ते. स्वतःचा श्वास. आईच्या बांगड्या. पोटातला चहा. मी घड्याळ पाहून दर दहा मिनिटांनी नोंद करत होतो. ७.२२: कॉल. ७.३२: कॉल, लांबून. ७.४२: शांतता. शास्त्राला नकारात्मक नोंदीही लागतात, असं मी मानतो.

७.५२ ला मी वही गुडघ्यावर ठेवून खाली वाकलो. लिहायला सुरुवात केली, तोच बायकोची बोटं माझ्या उजव्या खांद्यात रुतली. स्वेटर आणि गोधडी यांतून रुतली, इतकी घट्ट. मला वाटलं, "पुरे करा आता ते लिहिणं" असं तिचं म्हणणं आहे. तिचं ते म्हणणं वीस वर्षांपासूनचं आहे. म्हणून मी हातातलं वाक्य तेवढं पुरं केलं. दोनच शब्द होते. पूर्णविराम दिला. मान वर केली.

चौघंही सीटवरून अर्धवट उठलेली होती. रस्ता रिकामा होता. उजवीकडच्या बांबूचा एक शेंडा हलत होता. तोही थांबला.

१०. निष्कर्ष

वाघ होता, यावर सर्वांचं एकमत आहे. त्यापलीकडे एकाही मुद्द्यावर नाही. मोबाईल बाहेर आणि कॅमेरा घरी असल्यामुळे पुरावा कुणाकडेच नाही. मेहुण्याच्या मते तो नर होता, बैलाएवढा. मुलीच्या मते तो थांबला आणि त्याने फक्त तिच्याकडे पाहिलं. आई म्हणते, पाठीवर दव होतं, आणि तो आमच्या जुन्या वाड्यातल्या बोक्यासारखा, आपल्याच घरातून न्हाणीकडे निघाल्यासारखा गेला. गाइडने सांगितलं, "वाघीण होती जी, जवान." बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "आवाजच झाला नाही हो. एवढं मोठं जनावर, आणि पानसुद्धा वाजलं नाही." मग जरा थांबून: "तुमच्या पेनाचा तेवढा आवाज येत होता."

त्यामुळे शेषसिद्धान्ताची इतकी काटेकोर सिद्धता आजवर कुणाला लाभली नसेल. माझ्या सहलीतून ठरवलेलं जनावर पूर्णपणे, एका केसासकट, वजा झालं. उरलेलं मोजणं भाग होतं. एके काळी आपल्याकडे वाघांची गणतीच पाऊलखुणांवरून होत असे. ठशावर काच ठेवून कडा गिरवायच्या, प्लॅस्टरचे साचे घ्यायचे. नंतर ती पद्धत भरवशाची नाही असं ठरून कॅमेरे आले. मी जुन्याच पद्धतीचा माणूस. मुक्कामी पोचल्यावर आरशासमोर स्वेटर काढून खांदा पाहिला. चार बोटं आणि एक अंगठा, लालसर, स्पष्ट, अंगठा मागच्या बाजूला. लग्नाला वीस वर्षं झाली. इतक्या भीतीने आणि आनंदाने एकाच वेळी तिने मला कधी धरल्याचं माझ्या नोंदीत नाही. वाघ रस्त्यावर किती सेकंद होता, कुणी सांगू शकत नाही. त्या खांद्यावर तो संध्याकाळपर्यंत होता.

पुढच्या प्रवासाला निघणाऱ्यांना या ग्रंथातून काय घ्यायचं? ऋतू पाहून जावं. क्षेत्रफळाला भुलू नये. मंगळवार टाळावा. जनावर आलं नाही तरी बसून राहावंसं वाटेल अशीच जागा निवडावी. आणि बसायचं ते ज्याची बोटं आपल्याला ओळखू येतील अशा माणसाशेजारी. वही डिकीत ठेवावी.

शुद्धिपत्र

नोंदवही, प्रवासाचा चौथा दिवस, वेळ ७.५२. "काही नाही." याऐवजी "वाघीण" असे वाचावे.